उंब्रजचा दहा मिनिटांचा थांबा

जून महिन्यात चंदीगडमध्ये जो माणूस रजया बाहेर काढतो, तो एक तर तापाने फणफणलेला असतो किंवा काहीतरी लपवत असतो, असं बीजींचं स्पष्ट मत होतं. बीजी म्हणजे पंधरा सेक्टरमधल्या त्या घराच्या मालकीणबाई. त्या खाली राहायच्या आणि वर त्यांचे भाडेकरू, डॉक्टर कृष्णकांत आणि सुनेत्रा. डॉक्टर सकाळी इस्पितळात गेले की सुनेत्रा खिडक्या लावून घ्यायची, त्यांवर दोन रजया टांगायची, पंखा बंद करायची आणि मग आतून तासभर कुणीतरी दबक्या आवाजात बोलत राहायचं. साल अठ्ठ्याऐंशी, पंजाबात अतिरेक्यांचे दिवस. भाडेकरूंवर लक्ष ठेवा, असं पोलीस घरोघर सांगून गेले होते. बीजींची झोप उडाली नसती तरच नवल.

आत काय चाललं होतं? तर बाहेरचा आवाज टेपमध्ये येऊ नये म्हणून सगळं बंद करून सुनेत्रा टेपरेकॉर्डरसमोर बसून फिजिक्स शिकवत होती.

लग्नाआधी ती कराडच्या कॉलेजात शिकवायची. नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे आली आणि नऊ वर्षं डॉक्टरांची बायको म्हणूनच राहिली. मग जवळच्याच खरड गावच्या बारावीतल्या चार मुली संध्याकाळी शिकायला येऊ लागल्या आणि बाईच्या अंगात पुन्हा जीव आला. पण अंधार पडायच्या आत बसगाड्या बंद होऊ लागल्या. वाटेत कधी काय घडेल याचा नेम नव्हता. तीन मुली घरी बसल्या. उरली एक जसविंदर, तीही फक्त रविवारी सकाळी यायची. एका दुपारी भाजी चिरताना सुनेत्राला सुचलं, की मुली येऊ शकत नसतील तर आवाज जाऊ शकेल. धडे कॅसेटवर भरायचे आणि घरोघर पाठवायचे. त्या दिवशी तिला आनंदाने जेवण गेलं नाही. हे तिचं होतं, फक्त तिचं.

"कुणाजवळ बोलू नकोस," डॉक्टर म्हणाले. "कल्पनेला कुलूप लावता येत नाही. उद्या दुसऱ्याने केलं तर काय करशील?"

तिची मैत्रीण लीना हवाई दलातल्या अधिकाऱ्याची बायको. तिचं उलटंच. "अगं, सांगत सुट सगळ्यांना. तू सांगितलं नाहीस तर त्या मुलींना काय स्वप्न पडणार आहे?"

दोघांचंही सुनेत्राला पटलं, हीच तर पंचाईत. सकाळी नवऱ्याचं खरं वाटे, दुपारी लीनाचं. शेवटी तिने स्वतःच्या परीने मधला मार्ग काढला. धडा अगदी बिनचूक झाल्याशिवाय कुणाला सांगायचं नाही. झालं, मग बिनचूक व्हायलाच तयार होईना. दोन महिन्यांत बाईंनी पहिला धडा अकरा वेळा भरला होता, दर वेळी नव्या कॅसेटवर.

अकराव्यांदा भरलेला धडा ती तपासून ऐकत होती, तेवढ्यात दार वाजलं. बाहेर हवालदार, त्याच्यामागे पदर चावत उभ्या बीजी आणि बीजींचा भाचा परमजीत. हा परमजीत चौतीस सेक्टरातल्या एका क्लासमध्ये शिकवायचा. मध्यस्थी करायला म्हणून बीजींनी त्याला बोलावून घेतलं होतं.

"मॅडम, अंदर कौन है?" हवालदाराने विचारलं.

"कोई नहीं. मैं ही हूं."

"तो फिर बात किससे हो रही है?"

सुनेत्राला नवऱ्याचा सल्ला आठवला, पण पोलीस दारात आल्यावर तो काय कामाचा? तिने रजया ओढून काढल्या, खिडकी उघडली आणि टेप लावला. "कराड से एक बस चली सातारा की तरफ," तिचाच आवाज खोलीभर झाला. पन्नास किलोमीटर अंतर. पन्नास मिनिटं धावली, मध्ये उंब्रजला दहा मिनिटं थांबली. तर बसची सरासरी गती किती? हवालदाराने टोपी काढून धडा शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाला, "अच्छा समझाती हैं आप." बीजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी लगेच लस्सी आणायला खाली धाव घेतली.

परमजीत मात्र हाताची घडी घालून उभा होता. "एका बाजूला किती मिनिटं बसतात?" असं त्याने हिंदीत विचारलं. मग बीजींच्या नातीसाठी एक कॅसेट मागितली. बला टळल्याच्या आनंदात सुनेत्राने हाताला लागली ती देऊन टाकली.

ती सातवी होती, हे तिच्या संध्याकाळी लक्षात आलं. सातव्या कॅसेटमध्ये ती उंब्रजचा थांबा हिशेबात धरायला विसरली होती. पन्नास किलोमीटर भागिले पन्नास मिनिटं, म्हणून तासाला साठ, असं बेधडक सांगून मोकळी झाली होती. थांबलेला वेळही धरायचा असतो, म्हणजे उत्तर पन्नास. आपल्याच गावच्या रस्त्यावर अशी चूक झाली, याची तिला लाज वाटली. परत कशी मागायची, म्हणून ती गप्प बसली.

सप्टेंबरात एका रविवारी जसविंदर आली ती पिशवीतून कॅसेट काढतच. परमजीतच्या क्लासने धड्यांच्या कॅसेट काढल्या होत्या. खरडच्या बाजारात मिळत होत्या.

"मॅडम, हम चारों सुनती हैं. मोहल्ले की और लड़कियां भी आ जाती हैं," जसविंदर म्हणाली. "पापाजी भी खुश हैं, बस का डर नहीं."

टेप सुरू झाला. परमजीतचा भारदस्त आवाज आला, "कराड से एक बस चली सातारा की तरफ…"

सुनेत्राला आधी राग आला. मग उगीच हसू आलं, कारण परमजीतने उंब्रजचं उमराज केलं होतं. आणि मग जे आलं त्याला काय म्हणावं हे तिला कळेना. त्या तीन मुली पुन्हा शिकत होत्या. तिला हेच तर हवं होतं. मग आनंद का होत नव्हता?

"इनकी बस भी कराड से ही चलती है," जसविंदर निरागसपणे म्हणाली. "किताब में है क्या? पर मॅडम, एक बात. ये साठ बता रहे हैं. मेरा पचास आता है. सब कहती हैं मैं गलत हूं."

खरडच्या किती घरांत सुनेत्राची चूक दुसऱ्याच्या आवाजात पाठ होत होती, देव जाणे. गप्प राहावं तर मुली परीक्षेत आपटणार. बोलावं तर ज्याने चोरलं त्यालाच चोरी नीट करून द्यायची.

"तू बरोबर आहेस," ती मराठीतच बोलून गेली आणि अकरावी कॅसेट घेऊन जिना उतरली.

रविवारचा मावशीकडे आलेला परमजीत अंगणात चहा पीत बसला होता. तिला पाहून तो उठला आणि त्याचे कान लाल झाले.

"उंब्रज में बस दस मिनट रुकती है," सुनेत्रा म्हणाली. "वो भी गिनना पड़ता है. इसमें सही है."

त्याने कॅसेट घेतली. "भाभीजी, अगला पाठ…" एवढंच बोलून त्याने ती खिशात टाकली. सुनेत्रा वळून वर आली.

दुपारी तिच्याकडून सगळं ऐकल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "मग त्याला जाब विचारलास ना?"

"उत्तर सांगून आले."

"कमाल आहे तुझी. आता तुझं काय राहिलं?"

"तेच मला कळत नाहीये हो," ती म्हणाली आणि तिला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी तिने टेपरेकॉर्डर गॅलरीत नेऊन ठेवला. रजया ट्रंकेत गेल्या होत्या, खाली बीजींचा कुकर शिट्ट्या देत होता. तिने दुसरा धडा सुरू केला. या वेळी बस साताऱ्याहून निघाली. दोन वाक्यं झाली असतील नसतील, तोच खाली कुणीतरी बाज ओढत गॅलरीखाली आणली, परमजीतचं खाकरणं ऐकू आलं आणि पाठोपाठ वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

सुनेत्राचं बोट बंद करायच्या बटणावर गेलं. तिथेच राहिलं. टेप फिरत होता. मग तिने पुढचं वाक्य म्हटलं, नेहमीपेक्षा जरा सावकाश, उतरवून घेणाऱ्याला अक्षर अन् अक्षर मिळेल असं.