रंभाबाईंचा अंगठा आणि माझी काच

मी एक जुने, अंगठ्याचा ठसा घेणारे यंत्र आहे. पौडला एसटी स्टँडसमोर किशोरचे ऑनलाइन कामांचे दुकान आहे. तिथल्या टेबलावर मी वायरीला बांधलेले बसून असते. मुठीएवढा माझा आकार आणि डोक्यावर एक काच. आणि मित्रांनो, आधीच सांगते, मी फार भित्रे आहे.

जन्मले तेव्हा असे नव्हते. कारखान्यात मऊ, कोरड्या बोटांनी माझी परीक्षा घेतली, तेव्हा प्रत्येक ठसा लख्ख दिसला. दुकानात आले त्या दिवशी किशोरने मला हळदकुंकू वाहिले. भाताच्या सरकारी अनुदानासाठी शेतकरी माझ्यापुढे रांग लावत. ठसा जुळला की खात्यावर हप्ता! जाताना लोक मला नमस्कार करत आणि मी फुगून जाई.

मग भीती शिरली. मुळशीत भाताची लावणी हाताने होते. चिखलात रोप खोचायचे ते उजव्या अंगठ्याने, वर्षानुवर्षे. तसले अंगठे टेकले की मला काही दिसेना. संगणकावर लाल अक्षरे येत. त्यातच कुणीतरी उठवले, की तीनदा लाल आले तर माणूस मेला असे धरून नाव कापतात. ते खोटे होते, पण माणसे माझ्यापुढे थरथरू लागली, आणि त्यांच्याबरोबर मीही. किशोरने तर माझी काच पुसणेसुद्धा सोडले होते.

यंदा उन्हाळ्यात माले गावच्या रंभाबाई सून साधनाला घेऊन आल्या. त्यांचा हप्ता अडकला होता. तो आला तर बियाणे घेऊन शेत लावायचे, नाहीतर शेत बंगले बांधणाऱ्याला विकून टाकायचे, असे थोरले दीर हैबतराव यांनी ठरवून टाकले होते. रंभाबाईंनी अंगठा ठेवला. लाल. मान वर न करता किशोर म्हणाला, "आजी, अंगठा साफ करून या."

आठवड्याने त्या परत आल्या. "राखंनं घासला, मग टाचा घासायच्या वजरीनं घासला. आता लई साफ हाय बग!"

मित्रांनो, तो अंगठा काचेवर टेकला आणि मला घेरीच आली. होत्या तेवढ्या रेषाही त्यांनी घासून घालवल्या होत्या. पुन्हा लाल.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी त्या आल्या, पण हात पदराखालून काढेनात. "न्हाई ठेवायची मी. आता लाल झालं म्हंजी मी मेलेच की!"

"आत्या, जित्या मानसाला असं कोन मारतंय?" साधना म्हणाली. बाहेर हैबतराव मोटारसायकलला टेकून उभे होते. मला वाटले, वीज जावी, वायर तुटावी, पण हा नकार माझ्याकडून नको.

साधनाने एकदम विचारले, "किशोरभाऊ, दुसरं बोट चालत न्हाई का?"

किशोरने मान वर केली. चालत होते, पहिल्यापासून चालत होते. पण सरकारी कामाला अंगठाच द्यायचा ही इथली रीत. तो अंगठाच मागत आला आणि लोक अंगठाच देत आले. त्याने शर्टाच्या टोकाने माझी काच पुसली. "डावी करंगळी द्या."

लावणीत डाव्या हातात रोपांची जुडी असते, करंगळी झिजत नाही. ती काचेवर टेकली. मी जीव एकवटून पाहिले. बारीक, ठळक रेषा! संगणकावर हिरवी अक्षरे उमटली.

"म्हंजी मी हाय ना?" रंभाबाईंनी विचारले.

"हाय की, आजी," किशोर खाली बघत म्हणाला.

त्या बाहेर जाऊन दिरांना म्हणाल्या, "भावजी, राब भाजायला घ्या." रोपांसाठी पेरणीआधी जमीन भाजतात, तो राब. म्हणजे शेत राहिले.

मी मात्र अजून भिते. पुढचा हात मला दिसेल का, याची रोज धास्ती असते. म्हणून मित्रांनो, माझी काच तेवढी पुसत जा. आणि कुणाचा ठसा उमटला नाही, तर त्याला हात साफ करून ये असे म्हणू नका. रंभाबाईंचा अंगठा कधीच मळलेला नव्हता.