पाठमोरा बिल्ला

मी एक जुना फळा आहे. अकोल्यातल्या एका कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, पाण्याच्या माठाच्या वरच्या भिंतीवर असतो. मित्रांनो, माझ्या अंगावर ही चकाकी दिसते ना, तिचं कौतुक तेवढं करू नका. तिची मला लाज वाटते. का ते सांगतो.

डोमाजी सुतारानं सागाच्या फळ्या जोडून मला घडवलं आणि माझ्यावर टांगायचे आकडे ठोकले. प्रत्येक प्राध्यापकाची एक ओळ, आणि ओळीत आठवड्याच्या प्रत्येक तासाला एक आकडा. आकड्यावर तेलाच्या डब्याच्या पत्र्यातून कापलेला गोल बिल्ला, एका बाजूनं पिवळा, दुसरीकडून कोरा. पिवळी बाजू समोर असली की त्या तासाला त्या माणसाला वर्ग द्यायला हरकत नाही. बिल्ला पाठमोरा असला की द्यायचा नाही. बस, एवढंच माझं शास्त्र. वेळापत्रक करणारे सर माझ्याकडे बघूनच तास वाटत.

बिल्ले सांभाळायचा देवमन शिपाई. कुणी त्याला हळूच म्हणायचं, "देवमनभाऊ, सोमवारी पहिला तास नको." देवमन बिल्ला फिरवायचा आणि चहा आणायला जायचा. का, कशाला, एक शब्द विचारायचा नाही. "ज्याचं त्याले ठाऊक," म्हणायचा.

दोन वर्षांपूर्वी वनस्पतिशास्त्राला रागिणी मॅडम आल्या. नोकरी तात्पुरती, आवाज बारीक. त्यांनी देवमनकडून एकच बिल्ला फिरवून घेतला, बुधवारच्या तिसऱ्या, अकराच्या तासाचा. त्यांची पाच वर्षांची दामिनी बोलत नव्हती. बोलायला शिकवणाऱ्या एक बाई अमरावतीहून फक्त बुधवारी इथल्या जठारपेठेत यायच्या, आणि दामिनीला अकराची वेळ मिळाली होती. मॅडम हे फक्त फोनवर आपल्या बहिणीला सांगायच्या, माठाजवळ उभं राहून, म्हणून मला ठाऊक. दिवाळीनंतर दामिनी पहिल्यांदा "आई" म्हणाली, तेव्हा मॅडम माझ्याखाली उभं राहून रडल्या होत्या.

मग गेल्या वर्षी कॉलेजात तपासणीची समिती येणार असं ठरलं. काय सांगू! कुंड्यांना गेरू, जिन्याला रंग, जाळ्या साफ. देवमन तेव्हा मुलीच्या लग्नासाठी रजेवर होता. बंडू रंगाऱ्यानं माझे सगळे बिल्ले काढले, मला दोन हात वार्निश मारलं आणि बिल्ले परत टांगले. सगळे सरळ, सगळे पिवळे. मी इतका देखणा कधीच दिसलो नव्हतो. समितीतले एक साहेब थबकून "वा!" म्हणाले आणि मी फुगलो.

मला तोंड नव्हतं, मी कसं सांगणार, हे खरं आहे. पण माझ्या पोटातलं शहाणपण पुसलं गेलं याचं मला वाईटही वाटलं नाही, हे जास्त खरं आहे. मी खूश होतो, मित्रांनो.

त्याच आठवड्यात संगणक शिकवणाऱ्या मंजुषा मॅडमनी माझा फोटो काढला. त्या अंजनगाव सुर्जीच्या, कामाला वाघीण. वेळापत्रक मोबाईलवर आणायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. म्हाताऱ्या सरांना दिसावीत म्हणून अक्षरं मोठी केली. सगळं मराठीत. तास नको असेल तर एक चौकोन, त्यात कारण लिहायचं, आणि ते सगळ्यांना दिसायचं, म्हणजे कुणावर अन्याय नको. मन साफ होतं त्यांचं. पण कोण कधी मोकळं हे त्यांनी फोटोवरून घेतलं, आणि फोटोत तर सगळेच मोकळे.

नवं वेळापत्रक आलं तसा गलका झाला. मोठे सर भांडले आणि आपापले तास बदलून घेतले. बोलणाऱ्याची बोरं विकली जातात. रागिणी मॅडमच्या वाट्याला बुधवारी अकराचं प्रात्यक्षिक आलं. त्यांनी मोबाईल उघडला, चौकोनात "माझी मुलगी" एवढं लिहिलं आणि पुसलं. मी वरून बघत होतो, पिवळाधमक.

जठारपेठेशिवाय नऊ बुधवार गेले. बहिणीला त्या सांगायच्या, "आई म्हणणं बंद केलं तिनं. पदर ओढते फक्त."

दहाव्या बुधवारी घरी कुणी नव्हतं म्हणून त्या दामिनीला घेऊन आल्या. देवमनची रजेनंतर ग्रंथालयात बदली झाली होती. तासभर पोरीजवळ बसायला त्याला बोलावलं. तो आत आला आणि माझ्याकडे बघतच राहिला.

"बाप्पा! हे बिल्ले कोनं फिरवले?"

मंजुषा मॅडम चहा पीत होत्या. "काहून? काय झालं?"

"पाठमोरा बिल्ला म्हंजे त्या टायमाले तास नाही द्यायचा. रागिणी मॅडमचा बुधवार कधीचा पाठमोरा होता."

मंजुषा मॅडमनी कप खाली ठेवला. "मी फोटो काढला तेव्हा सारे सरळ होते, भाऊ." मग रागिणी मॅडमकडे वळल्या. "तुम्ही मले सांगितलं काहून नाही?"

"कारण लिहा म्हणते न तो चौकोन," रागिणी मॅडम म्हणाल्या. "पोरगी बोलत नाही, हे सगळ्या कॉलेजले दिसन असं लिहू का?"

दामिनी आईचा पदर ओढत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मंजुषा मॅडमनी त्या दिवशीचं प्रात्यक्षिक स्वतः सांभाळलं आणि मायलेकींना जठारपेठेत पाठवलं. आठवड्याभरात तो चौकोन काढून टाकला. आता मोबाईलवर प्रत्येक तासाला एक गोल पिवळा बिल्ला दिसतो. बोट लावलं की तो पाठ फिरवतो. कारण कुणी विचारत नाही. त्यांनी ही युक्ती देवमनला शेजारी बसवून केली.

मित्रांनो, एखादी गोष्ट उलटी, वाकडी दिसली की लगेच सरळ करायला धावू नका. आधी विचारा, ही कुणासाठी अशी ठेवली आहे? आणि ज्याला बारीक आवाज आहे, त्याला आधी विचारा.

माझं आता काम उरलं नाही. पण दर बुधवारी जठारपेठेत जाण्याआधी दामिनी इथे येते. देवमन तिला उचलून धरतो आणि ती आपल्या हातानं आईचा बिल्ला फिरवते. "आई" ती अजून परत म्हणालेली नाही. बिल्ला फिरवून ती माझ्या चकचकीत अंगात आपलं तोंड बघते आणि ओठ हलवून पाहते. तेव्हा त्या बिल्ल्यासारखं मलाही लाजेनं भिंतीकडे तोंड करावंसं वाटतं, पण मला कुणी फिरवत नाही.