चाकाखालचा गोटा

मी एक जुनी बस आहे, मित्रांनो, आणि भित्री आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्ही हसायला नको. मला उताराची भीती वाटते, पाण्याची वाटते, आणि जिथे माणसांचा आवाज नाही त्या जागेची तर फारच वाटते.

पूर्वी मी अशी नव्हते. चौदा वर्षे मी समुद्रपूरच्या एका शाळेच्या मुलांची ने-आण केली. चाळीस मुले पोटात बसून एकदम ओरडत असली की भीतीला बसायला जागा कुठे उरते? मग माझे वय झाले. गिअर टाकला तरी आपोआप निसटू लागला. शाळेने नवी गाडी घेतली आणि मला कुंपणाला लावून ठेवले. दोन पावसाळे मी तिथे उभी होते. एका कोंबडीने माझ्या सीटखाली अंडी घातली, तेवढीच काय ती सोबत. एकांताची धास्ती तेव्हा मनात बसली ती बसलीच.

तिथून मला नेले आंजीच्या नानाजींनी. नानाजी म्हणजे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. त्यांनी माझ्या सीटा काढल्या, मागे झोपायला दिवाण ठोकला, भांड्यांची फळी लावली, खिडक्यांना सुलोचनाबाईंच्या जुन्या लुगड्यांचे पडदे केले. सुलोचनाबाई त्यांच्या पत्नी. नानाजींनी आयुष्यभर सुट्टीच्या दिवसांत लोकांना सहलीला पोचवले होते आणि स्वतः स्टिअरिंगमागे बसून डबा खाल्ला होता. बाईंनी तर जवळचे बोर धरणही पाहिले नव्हते. म्हणून दोघांनी ठरवले, आता आपण फिरायचे, पण लोक नसतील तेव्हा. जंगलाचे गेट बंद झाले, हॉटेलवाल्याने खुर्च्या उलट्या ठेवल्या, की आपला सीझन सुरू.

खोटे कशाला बोलू, त्यात सुख होते. रांग नाही, हॉर्न नाही, धूळ नाही. सागाला पांढरा मोहोर आलेला असायचा. मोर रस्त्याच्या मधोमध उभा राहायचा आणि मलाच बाजूला व्हावे लागायचे. नानाजी इंजिन बंद करून तासभर नुसते बघत बसायचे. बाई म्हणायच्या, एवढे मोठे तळे आणि पाहणारे आपण दोघेच, जणू घरचेच आहे. मला मात्र सारखे वाटायचे, इथे काही झाले तर हाक कोणाला मारायची?

आणि होण्यासारखे बरेच होते. माझा हँडब्रेक लागत नव्हता. हिंगणीचा मिस्त्री गजेंद्र दोनदा म्हणाला होता की त्याची केबल झिजून गेली आहे, बदला. नानाजींची जुनी सवय वेगळी होती. बॅटरी कमजोर म्हणून गाडी उतारावर तोंड करून उभी करायची, म्हणजे निघताना धक्का मारावा लागत नाही. मागच्या चाकापुढे एक गोटा लावायचा, म्हणजे ती जागची हलत नाही. तो गोटा माझ्यासोबतच फिरायचा, दिवाणाखाली, कोरडा ठणठणीत. गजेंद्रला ते म्हणाले, "गोटा हाय ना. तीस वर्षं त्यानंच गाड्या थांबवल्या."

मी ते सगळे ऐकत होते. पण आम्हाला विचारतो कोण!

पोळा होऊन आठवडा झाला होता. धरणाच्या पाण्याकाठी एका ओळखीच्या शेताशेजारी नानाजींनी मला मुरमाड उतारावर उभे केले. नाकासमोर पंचवीस पावलांवर पाणी. काठोकाठ भरलेले, आणि खोल. गोटा लावला, गिअर टाकला, आणि कंबर धरली म्हणून ते दिवाणावर आडवे झाले. दोन मिनिटांत घोरू लागले.

सुलोचनाबाई खाली पाण्याजवळ चूल मांडायला गेल्या. आमच्याकडे बाहेर स्वयंपाक म्हणजे तीन गोट्यांचीच चूल, तिथे गॅस चालत नाही. दोन कोरडे गोटे त्यांना झाडाखाली मिळाले. तिसरा मिळेना, सगळे ओले. ओला गोटा विस्तवात तडकतो आणि डोळ्यांत उडतो, हे त्यांना माहेरीच शिकवले होते. त्या वर आल्या. माझ्या चाकापाशी वाकल्या. चपटा, कोरडा, बेताच्या उंचीचा गोटा.

नका बाई, नका, मी मनातल्या मनात ओरडले. गाडी उभी आहे ती गिअरवर, असे त्यांना वाटत होते. त्या गोटा घेऊन गेल्या.

आता मी केवळ त्या निसटणाऱ्या गिअरवर उभी होते, मित्रांनो, आणि पोटात नानाजी झोपलेले. चूल पेटली. वांग्याच्या भाजीचा वास आला. एक बगळा टपावर बसला तरी मला घाम फुटला. बराच वेळ काही झाले नाही. मग नानाजींनी कूस बदलली. मी जराशी हलले. गिअर निसटला.

मी चालू लागले. हळू, अगदी हळू. थांबायचे कसे ते मला कधी कोणी शिकवलेच नव्हते. पाणी जवळ येत होते आणि मला दुसरे काही दिसत नव्हते.

गर्दीच्या दिवसांत तिथे गाणी लागतात, पोरे ओरडतात. माझ्या चाकाखाली मुरूम करकरला तो कोणाला ऐकू गेला नसता. त्या दिवशी चिटपाखरूही बोलत नव्हते. सुलोचनाबाईंनी तो आवाज ऐकला. मान वर केली. मी त्यांच्या बाजूने खाली जात होते.

त्यांनी भाजीचे पातेले पायाने लोटले आणि चुलीतला तापलेला गोटा दोन्ही हातांनी उचलला. चिंधी शोधायला वेळ नव्हता. माझी पुढची चाके पाण्यात गेली. गार पाणी लागले आणि मी संपले असे मला वाटले. तेवढ्यात मागच्या चाकापुढे काहीतरी आदळले. एक हिसका बसला आणि मी थांबले.

नानाजी दिवाणावरून खाली आले ते तसेच बाहेर आले. "काय झालं वं? स्वयंपाक झाला का?"

बाई पाण्यात हात बुडवून बसल्या होत्या. नानाजींनी चाकापुढचा काळा, वाफाळता गोटा पाहिला. मग त्यांचे हात पाहिले. त्यांना काही विचारावे लागले नाही.

"गोटा म्या उचलला," बाई म्हणाल्या.

"नाई वं. केबल म्या टाकली नाई." एवढे बोलून ते रडू लागले. मी त्यांना कधी रडताना पाहिले नव्हते.

दवाखाना हिंगणीला. धक्का मारायला माणूस नाही, आणि उताराचा उपयोगही नाही, कारण उतार पाण्यातच जात होता. नानाजींनी चावी फिरवली. मी नुसती कण्हले. दुसऱ्यांदा फिरवली, तेच. मी समुद्रपूरच्या चाळीसही मुलांची नावे आठवली, एकेक करून, पहिल्या सीटपासून. तिसऱ्यांदा मी सुरू झाले आणि उलटी वर आले. भित्री असूनही.

त्याच आठवड्यात गजेंद्रने केबल टाकली, बॅटरी बदलली, गिअरही उघडून नीट केला. बाईंचे भाजलेले हात बरे झाले, पण उजव्या तळव्यावर एक डाग राहिला. आम्ही आजही जातो, लोक नसतात तेव्हाच. चुलीचे तीन गोटे आता घरून वेगळे येतात. हँडब्रेक ओढल्यावरही नानाजी तो काळा गोटा लावतात आणि मोठ्याने म्हणतात, "लावला वं." बाई स्वतः वाकून पाहतात आणि म्हणतात, "दिसला." तेव्हाच ते इंजिन बंद करतात. मग जी शांतता पसरते, तिची मला आता तेवढी भीती वाटत नाही.

तुमच्या घरी, गल्लीत, शाळेत एखादी गाडी गोट्यावर उभी असेल, तर मित्रांनो, तिच्या मालकाला आजच विचारा, ब्रेक लागतो का? ती गाडी भ्यायलेली असते. तिला सांगता येत नाही.