बाबामियाँची पारख

सहम शहराच्या फुटबॉल टीमसाठी कॉलेजांतली पोरं निवडायचं काम वीस वर्षं बाबामियाँकडे होतं, आणि वीस वर्षांत त्यांनी एकाही पोराचा खेळ पाहिला नव्हता. ते बघायचे सूर शहराच्या टीमसाठी पोरं निवडणाऱ्या रमण परबांकडे. परबांची नजर ज्याच्यावर खिळली, तो पोरगा त्यांच्या आधी आपण उचलायचा. या पद्धतीने दोन कप आले होते. लोक म्हणायचे, पारख असावी तर बाबामियाँसारखी.

त्या शुक्रवारी कुरुमच्या मैदानावर कॉलेजांची फायनल होती. परब अख्खी मॅच सात नंबरकडे टक लावून बसले होते. सात नंबर म्हणजे एमबीएच्या शेवटच्या वर्षाचा निहार सामंत. शेवटची शिट्टी वाजते न वाजते तोच बाबामियाँ मैदानात घुसले, नवे बूट आणि दर शुक्रवारी बिर्याणी कबूल केली, आणि त्याची सही घेऊन मोकळे झाले.

परब सावकाश चालत आले. "मियाँ, घेतलात त्याला?"

"घेतला. तुम्हाला उशीर झाला."

"मला कुठे टीमसाठी हवा होता? भाचीसाठी स्थळ आलंय त्याचं. मुलगा कसा आहे ते बघायला आलो होतो, पण काही अंदाज येईना." परबांनी खिशातून मोबाईल काढला. "आता तुम्हीच घेतलात म्हणजे प्रश्न मिटला. होकार कळवू ना?"

बाबामियाँनी सात नंबरकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. तो आपल्याच गोलकीपरची हात जोडून माफी मागत होता.

"कळवा," ते म्हणाले. "इन्शाल्ला."