मधली रुंदी

गंगारामने सळीचं टोक बोटभर वाकवलं आणि सळी भिंतीच्या निम्म्या उंचीवर, पाणी निघायला ठेवलेल्या भोकात घातली. दोन हजार पाचचा आषाढ होता. पाऊस थांबून तास झाला, तरी भोकातून पाणी येत नव्हतं. म्हणजे ते आतच साठत होतं.

दरडीला लावलेली ही दहा फुटांची जांभ्याची भिंत त्यानेच तीन वर्षांपूर्वी बांधली होती. दर्शनी अंग सरळ, मागचं, मातीआड गेलेलं अंग तिरकं. माथा दोन फूट, पाया पाच. काल तिला पोट आलेलं दिसलं, म्हणून घराच्या मालकीण यमुनाबाईंनी निरोप धाडला होता.

मध्यावर साडेतीन फूट भरायला हवं. वाकवलेलं टोक मागच्या कडेला अडकलं. भोकाच्या तोंडाशी अंगठा धरून त्याने सळी काढली, टेपला लावली. अडीच. दुसऱ्या भोकातही अडीचच.

"तोंड का पडलं रे तुझं?" यमुनाबाई मागच्या दारात उभ्या होत्या. त्यांचा जन्म शाळेत गणित शिकवण्यात गेला होता.

"बाई, माथा दोन, मधे अडीच. मग पाया किती?"

"म्हातारपणी माझी परीक्षा घेतोस? समलंब चौकोन तो. माथा आणि पाया समांतर. त्यांच्या बेरजेच्या निम्मी मधली रुंदी. म्हणजे बेरीज पाच, त्यातून दोन गेले..." त्या थांबल्या. "तीन."

"दोन फूट कमी," गंगाराम म्हणाला.

पाया खणत असतानाच त्याची बायको सगुणा गेल्याचा निरोप आला होता. तेराव्यानंतर तो परतला, तेव्हा जोडीदार लवूने भिंत कमरेपर्यंत आणून मागे माती भरली होती. गंगारामने काही विचारलं नाही. त्या दिवसांत तो कुणालाच काही विचारत नव्हता. लवूने रुंदीसाठी ताणलेल्या दोरीला चिरा लावत गेला.

"दरडीवरचं आंब्याचं कलम," बाई हळू म्हणाल्या. "मुळं तुटतील म्हणून मीच लवूला म्हटलं, पाया जरा आखडता घे."

"लवूनं मला सांगितलान नाय."

"तू विचारलंस?"

"नाय. दोरी डोळ्यांसमोर होती माझ्या. भिंत माझी हाय, बाई."

आत बाईंची सून अपूर्वा महिन्याच्या बाळाला थोपटत होती. त्या खोलीपासून भिंत चार पावलांवर.

"बाळाला घेऊन भाट्याला तुमच्या भावाकडं जावा. आत्ताच."

"पाळणा तरी..."

"ऱ्हावदे पाळणा."

त्याने रिक्षा आणली. अपूर्वा बाळाला घेऊन बसली. बाईंनी कुलूप लावलं आणि वळून पाहिलं, तर गंगाराम घराच्या पुढच्या भिंतीवर डांबराने लिहीत होता. 'मागे जाऊ नये. भिंत कच्ची आहे.' खाली तो स्वतःचं नाव काढू लागला.

"नाव कशाला? पुन्हा काम देईल का कुणी?"

"देवळावर लिवतात ना बांधणाऱ्याचं," तो म्हणाला. "मग हितं पण लिवायला हवं."

बाई रिक्षात बसल्या. रिक्षा गेली.

अक्षरं रस्त्यावरून वाचता यावीत म्हणून तो मोठी काढत होता. घरामागे काहीतरी ढासळल्याचा बारीक आवाज झाला, थोड्या वेळाने आणखी एक. गंगारामने मान वळवली नाही. आडनाव लिहायचं राहिलं होतं.