तळहातावरची हळद

सोनाळ्याच्या रस्त्यालगत एका रिकाम्या वावरात दर गुरुवारी मांडव पडायचा. तिथे मुक्या पोरांना बोलतं करणारे वाचानाथ महाराज बसायचे. दुसऱ्यांची वाचा उघडते की नाही ते पुढे कळेलच. महाराजांची स्वतःची मात्र सकाळी नऊला उघडली की दुपारपर्यंत मिटत नसे, आणि कर्णा ती दोन शिवारं पलीकडे पोचवी.

"डॉक्टर काय पाहाते? जीभ पाहाते! जिभेमागं कोन दडून बसलं, ते म्या पाहातो! पाच गुरुवार या. पोरगं तं बोलनच, घरची मुकी म्हैसही बोलन! पन मधात सुई नाई, गोळी नाई, शिकवनी नाई. नाईतं उतरलेली बया दुपटीनं चढते!"

रीत ठरलेली होती. लेकराच्या दोन्ही तळहातांवर ओली हळद फासायची आणि वरून महाराजांच्या उजव्या हाताला ठेवलेल्या तांब्यातलं तीर्थ ओतायचं. बघता बघता पिवळी हळद लाल व्हायची, खालच्या परातीत रक्तासारखं पाणी साचायचं आणि अख्खा मांडव हात जोडायचा.

तिसऱ्या गुरुवारी परातीपुढे गोपाल बसला होता. भाजीपाला पिकवणारा, धडधाकट गडी. मांडीवर त्याचा पाच वर्षांचा ऋत्विक होता. पोरगं जिवाच्या आकांताने किंचाळत होतं आणि गोपालने त्याची दोन्ही मनगटं गच्च आवळली होती.

"घट्ट धर बे!" महाराज ओरडले. "पोरगं नाई वरडून राह्यलं, आतली वरडून राह्यली!"

गोपालने आणखी घट्ट धरलं.

ऋत्विक बोलत नसे. हाक मारली तरी वळत नसे. तोडून आणलेल्या भेंड्या लहानीपासून मोठीपर्यंत ओळीने लावायचा आणि एक हलवली तर रडून घर डोक्यावर घ्यायचा. ओलं, चिकट काही हाताला लागलं की त्याला सोसत नसे. पण त्याची एक बोली होती. पाणी हवं असलं की बापाचं बोट धरून त्याला माठाजवळ न्यायचा, बाहेर जायचं असलं की फाटकाजवळ.

सहा महिन्यांपूर्वी अंगणवाडीच्या कोकिळाताई घरी येऊन म्हणाल्या होत्या, "गोपालभाऊ, ही स्वमग्नता असू शकते. बुलढाण्याले दाखवा. लवकर शिकवनं सुरू झालं तं पोराचंच भलं होईन."

"माह्या पोराले येडं ठरवता काय?" म्हणत गोपालने त्यांना वाटेला लावलं होतं. पूनमने, त्याच्या बायकोने, तरीही तपासणीची तारीख मिळवली. महाराजांनी शिकवणीला बंदी घातली, आणि गोपालने ती तारीख जाऊ दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूनम अंगणात कपडे धूत होती. ऋत्विकचा हळदीने माखलेला सदरा तिने दगडावर घेतला, साबण लावला, आणि डाग लालभडक झाला. ओघळ वाहत भेंड्यांच्या ओळीपर्यंत गेला.

ऋत्विकने तो पाहिला मात्र, दोन्ही हात काखेत दडवले आणि किंचाळत भिंतीला टेकला. गोपाल उचलायला धावला. पोराने त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. फक्त त्याच्या हातांकडे पाहिलं आणि आणखी मागे सरकला.

मग पूनम म्हणाली, "साबन लागला की हळद लाल होतेच. तुमचे लग्नातले हळदीचे कपडे म्याच धुतले होते."

"मंग मांडवात आठवलं नाई तुले?"

"आठवलं होतं. पहिल्याच गुरुवारी." तिने मान वर केली नाही. "म्हटलं, बोलला असता तं..."

गोपाललाही आठवलं होतं, आणि त्याने ते मनातच दाबून टाकलं होतं. त्याला स्वतःच्या हातांची लाज वाटली. तो उठला आणि कोकिळाताईंच्या घरी गेला.

चौथ्या गुरुवारी ऋत्विकला आजीपाशी ठेवून गोपाल, पूनम आणि कोकिळाताई तिघंही मांडवात हजर झाले. गोपालने परातीवर स्वतःचाच हळद लावलेला तळहात धरला. तीर्थ पडलं. लाल!

"पाहा!" महाराज गरजले. "बापालेही धरलं हाये!"

लोकांनी हात जोडले. तेवढ्यात पूनम पाद्यपूजेला पुढे झाली. तिने महाराजांच्या पायांना भरपूर हळद लावली. पायांवर ओतायचा साध्या पाण्याचा तांब्या डावीकडे ठेवलेला असे. तिने उजवीकडचा, तीर्थाचा उचलला आणि सगळा पायांवर रिता केला. महाराजांच्या अंगठ्यावरून लाल धार लागली.

"महाराज," पूनम म्हणाली, "तुमाले कोनं धरलं?"

पुढे बसलेल्या म्हाताऱ्या वच्छलाबाई आधी फसकन हसल्या, मग मांडव हसला. "तीर्थ बाटलं! बाईचा हात लागला!" करत महाराजांनी पाय धोतरात ओढले, तर धोतरही लाल झालं.

कोकिळाताईंनी माठातल्या तांब्याभर पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा कालवला आणि ते हळदीवर ओतलं. तीही लाल झाली. "हेच तुमचं तीर्थ. सोडा, चुना, साबन, कोनताही खार लागला की हळद लाल होते. घरोघरच्या बाया हे दर लग्नात धुतात. घरी जाऊन करून पाहा, माह्यावरही इस्वास ठेवू नोका."

कर्णा बंद झाला. लोक गोपालची पाठ थोपटू लागले, "वाघ हायेस बे!" त्याला मान वर करवेना. रांगेतली एक बाई आपल्या मुलीला कवटाळून विचारत होती, "मंग माही पोरगी बोलनच नाई का?"

"ते आज सांगता येत नाई," कोकिळाताई म्हणाल्या. "काही लेकरं बोलतात, काही चित्र दाखवून सांगतात. हे कोनी लावत नाई, कोनी उतरवत नाई, आन् मायचं काई चुकलेलं नसते. शिकवावं लागते, रोज, धीरानं."

गोपाल मांडवात पहिल्यांदाच बोलला, त्या बाईला. "ताई, तिचे हात धरू नोको. म्या धरले. हळद लाल काऊन होते हे मले ठाऊक होतं, तरीबी धरले. जे ठाऊक हाये ते मांडवाबाहेर सोडून येऊ नोका."

महिन्याभराने नवी तारीख मिळाली. बुलढाण्याच्या बसमध्ये ऋत्विक खिडकीशी बसला होता. तीन गुरुवारांनंतर त्याने बापाचं बोट धरलं नव्हतं. पाणी हवं असलं की माठापाशी एकटाच रडत उभा राहायचा. गोपालने आपला हात सीटवर उताणा ठेवला आणि तसाच राहू दिला. त्याला हाक मारली नाही, जवळ ओढलं नाही.

वाटेतलं मोताळा गाव मागे पडल्यावर ऋत्विकने तो हात उचलला. उलटा केला, सुलटा केला. मग नाकाजवळ नेऊन नीट हुंगला.

हळदीचा वास नव्हता. त्याने बापाचं बोट धरलं आणि पाण्याच्या बाटलीवर नेऊन ठेवलं.