खेचरांच्या पुस्तकाची पहिली ओळ

जप्तीचं सामान सरकार परत देतंय, ही बातमी गावात पोचली आणि तातियामावशीचा पहिला प्रश्न हंड्याचा.

"आमचा मोठा हंडा शाबूत आहे का, तेवढं सांगा. नऊ वर्षं पातेल्यापातेल्यानं मसूर शिजवून माझा खांदा निखळलाय."

देवाची कृपा, नव्या सम्राटाचं फर्मान, सगळ्याचं तिला कौतुक होतं, पण हंड्यानंतर. आम्हा ख्रिस्ती मंडळीच्या भोजनाला पन्नास तोंडं असायची आणि रांधायची ही एकटी. तिचं तरी काय चुकलं?

झोटिकोसला हंडा नको होता, दिवे नको होते. त्याला हवी होती त्या सामानाची यादी.

हा झोटिकोस म्हणजे मंडळीचा जुना वाचक. आवाज असा की ख्रिस्ताचं शुभवर्तमान वाचायला लागला की शेजारच्या देवळातला पुजारीही झाडू टाकून भिंतीला कान लावायचा. पण नऊ वर्षांपूर्वी जुन्या सम्राटाचे शिपाई ख्रिस्त्यांचे ग्रंथ जाळायला आले. तुमचे ग्रंथ द्या, नाहीतर माणसं नेतो, म्हणाले. झोटिकोसचा मेव्हणा ऑक्सानोन 'देत नाही' म्हणाला, त्याला तिथंच अंगणात बांधला. आणि मग त्या बांधलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत झोटिकोसने आतून एक जाडजूड, कातडी बांधणीचं पुस्तक आणून शिपायांच्या हातात दिलं. त्यांनी ते चौकात जाळलं.

ऑक्सानोन शिक्षा म्हणून खाणीत गेला. सात वर्षांनी सुटला तेव्हा एक डोळा नव्हता आणि डावा पाय घोट्याजवळ डागलेला. असा माणूस परत आल्यावर त्याला मंडळीचा वडील, म्हणजे प्रमुख, नाही करायचं तर कुणाला करायचं? त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आणि त्याचा पहिलाच शब्द असा, की ग्रंथ देणारा दाराशी उभा राहील. वाचन नाही, भोजन नाही, प्रार्थनेनंतर एकमेकांना द्यायचं शांतीचं चुंबन नाही.

खरी गोष्ट अशी, की झोटिकोसने शुभवर्तमान दिलंच नव्हतं. त्याने दिलं होतं सासऱ्याचं पुस्तक. सासरा, म्हणजे ऑक्सानोनचा बाप, खेचरांचा वैद्य. जन्मभराचं ज्ञान त्याने लिहून ठेवलं होतं, शुभवर्तमानाच्याच जाडीचं. खरा ग्रंथ झोटिकोसने आदल्या दिवशीच ओढ्याकाठी अक्रोडाखाली पुरला होता. बरं, तोंडाला कुलूप घालून बसला, कारण एकाला सांगितलं की चौघांना कळतं आणि शिपाई परत येतात. आणि दुसऱ्या वर्षी ओढ्याला असा काही लोंढा आला, की काठ गेला, अक्रोड गेला, ग्रंथही गेला.

ऑक्सानोन परतल्यावर झोटिकोसने त्याला सगळं सांगितलं. ऑक्सानोन हसलासुद्धा नाही.

"माझ्या या दोन्ही डोळ्यांनी पाहिलं," तो म्हणाला. "तेव्हा दोन होते. आणि आता माझ्या मेलेल्या बापाला साक्षीला आणतोस? लाज वाटू दे."

झोटिकोसची बायको अम्मिया, तिने भावाशी भांडून पाहिलं. तिला उत्तर मिळालं, बायको नवऱ्याचीच ओढणार. त्यावर ती भावाला जे बोलली ते इथं सांगण्यासारखं नाही.

सामान परत मिळायच्या आदल्या संध्याकाळी ती चुलीपाशी कांदे चिरत होती.

"यादी सगळ्यांसमोर वाचतात," झोटिकोस म्हणाला. "एकेक वस्तू पुकारायची, एकेक ताब्यात घ्यायची. जळलेल्या वस्तूही यादीत असतात."

"मग?"

"पुस्तक जप्त झालं की कारकुनानं त्याची पहिली ओळ लिहायची असते. ओळखायला. नियम जुना आहे, पाळत कुणी नाही. पण कारकून डोकिमोस होता, अम्मिया."

अम्मियाची सुरी थांबली. डोकिमोसला सगळा गाव ओळखून होता. स्वतःच्या लग्नात आहेरात आलेल्या कोंबड्या त्याने रंगासकट लिहून घेतल्या होत्या.

"मग त्याला विचारायचं ना, शहाण्या! दोन वर्षं काय माशा मारत होतास?"

"विचारलं. म्हणाला, दप्तरातलं दप्तरात. वरून हुकूम आल्याशिवाय मोहोर फुटत नाही."

"आणि त्यानं नुसतंच 'ख्रिस्त्यांचा ग्रंथ, एक' असं लिहिलं असलं तर?"

तसं लिहिलं असलं तर चौकात, सगळ्या गावासमोर, त्याच्या गुन्ह्यावर सरकारी शिक्का बसणार होता. मग मरेपर्यंत दार.

"कांद्यानं डोळे चुरचुरतात मेले," अम्मिया म्हणाली, आणि तिने पदराने तोंड पुसलं.

सकाळी चौकात जत्रा लोटली. आमचे होते, देवळाचे होते, आणि नुसतीच गंमत बघणारे तर सगळ्यांत जास्त. डोकिमोस आता पार म्हातारा, पाठीचं धनुष्य झालेलं, पण मोहोर त्याने स्वतः फोडली आणि नाकाला कागद लावून वाचायला लागला.

"दिवे, पितळी, सात. पैकी एकाची कडी तुटकी."

"ती आधीपासूनच तुटकी!" कुणीतरी ओरडलं.

"लिहिलंय तसं," डोकिमोस म्हणाला. "बायकांचे जोडे, गरिबांना वाटायचे, तेरा. जोड नव्हे, नग."

"चौदावा माझ्या पायात होता!" तातियामावशीने जागेवरूनच पाय वर केला, आणि काय सांगू, नऊ वर्षं जपलेला तो एकटा जोडा तिने खरंच घालून आणला होता. देवळाचा पुजारीसुद्धा पोट धरून हसला.

"हंडा, तांब्याचा, मोठा, एक."

दोन गडी हंडा घेऊन आले. मावशीने आधी त्याला मिठी मारली, मग आत डोकं घालून वास घेतला. "बोकड शिजवलाय यात मेल्यांनी! देवळातल्या नैवेद्याचा! राखेनं सात वेळा घासते." पण रडत होती आणि हसतही होती.

ऑक्सानोनने काठी टेकत हात वर केला. "डोकिमोस, झालं तेवढं पुरे. सामान मिळालं. जे जळलं ते जळलं, ती लाज चव्हाट्यावर वाचायला नको."

खरं तर हे त्याने दयेपोटी म्हटलं. बहिणीची अब्रू राखावी म्हणून. डोकिमोस कागद गुंडाळायला लागला.

झोटिकोस गर्दीच्या कडेला होता. दाराशी उभं राहायची सवय झालेल्या माणसाला चौकातसुद्धा पुढं सरकवत नाही. गप्प बसला असता तर निदान आहे तेवढी इज्जत राहिली असती.

"सगळी वाचा!"

नऊ वर्षांत त्याचा तो आवाज कुणी ऐकला नव्हता. सगळी डोकी मागे वळली.

"यादी सगळी वाचायची असा कायदा आहे, डोकिमोस. जळलेलंही वाच."

"तू गप्प राहा," ऑक्सानोन दातओठ खात म्हणाला. "तुझ्याच भल्यासाठी सांगतोय."

"माझं भलं मला बघू दे."

"बरोबर आहे. सगळी वाचायची असते," डोकिमोस म्हणाला. त्याला कायदा दाखवलेला फार आवडायचा. त्याने कागद पुन्हा उलगडला, शेवटच्या टोकापर्यंत. अम्मियाने नवऱ्याचा हात असा धरला की नखं रुतली.

"पुस्तक, कातडी बांधणीचं, जाड, एक. जाळलं. पहिली ओळ..." डोकिमोस खाकरला. "'खेचर खोकायला लागलं, की आधी त्याच्या मालकाला तबेल्याबाहेर काढ.'"

क्षणभर कुणाला काही उमगेना. आणि त्या शांततेत एक खरखरीत आवाज, झोपेत बोलावं तसा, पुढं म्हणाला:

"'कारण निम्मा रोग मालकाच्या तोंडात असतो.'"

ऑक्सानोन होता. बापाच्या मांडीवर बसून पाठ केलेली ओळ त्याच्या तोंडून आपसूक निघून गेली होती. बोलून गेल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो. काठी हातातून खाली पडली.

मग जो हशा पिकला! छपरांवरची कबुतरं उडाली. सम्राटाचे शिपाई, तलवारी उपसून, चौकात शेकोटी पेटवून, खेचरांचं औषध जाळून गेले होते!

"तुला ठाऊक होतं?" अम्मिया डोकिमोसवर ओरडली. "नऊ वर्षं?"

"शिपाई उत्तरेकडचे, त्यांना आपली अक्षरं म्हणजे मुंग्या. त्यांनी विचारलं, हे पुस्तक का? मी म्हटलं, पुस्तकच. कसलं, ते कुणी विचारलं नाही," डोकिमोस कागद गुंडाळत म्हणाला. "विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं."

ऑक्सानोन लंगडत झोटिकोससमोर येऊन उभा राहिला. गर्दी आपोआप मागे सरली. उरलेल्या एका डोळ्यातून पाणी घळाघळा वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता.

"बापाचं पुस्तक जाळलंस," तो म्हणाला.

"जाळलं."

"त्यात पोटदुखीचा काढा होता. मी दोन वर्षं शोधतोय."

"मला पाठ आहे. सांगीन."

"दोन वर्षं मी तुला दाराशी..." त्याला पुढं बोलवेना. त्याने झोटिकोसचे दोन्ही खांदे धरले. "दाजी," तो म्हणाला. परतल्यापासून त्याने ही हाक एकदाही मारली नव्हती. "दाजी, मला माफ करा." आणि भर चौकात, देवळाच्या पुजाऱ्यादेखत, त्याने त्याला शांतीचं चुंबन दिलं. झोटिकोस पोरासारखा हुंदके देऊन रडला, आणि आम्ही सगळेच रडलो, खोटं कशाला सांगू?

त्या रविवारी हंडा चढला. सात वेळा घासूनही बोकडाचा वास होताच, पण मसुरीत तो काही वाईट लागला नाही. तातियामावशी दोन्ही पायांत जोडे घालून वाढत होती. शेजारच्या गावाहून उसना आणलेला ग्रंथ मधोमध ठेवला होता, आणि झोटिकोस पहिल्या वाक्यालाच अडला. तो खोकला. पुन्हा खोकला.

"मालकाला आधी बाहेर काढा रे!" मागून ऑक्सानोन ओरडला.

ओरडला तो दारातून. त्या दिवशी, दोन वर्षं झोटिकोस जिथं उभा राहायचा, तिथं जाऊन तो आपणहून उभा राहिला होता. झोटिकोसने ग्रंथ मिटला, भरल्या पंगतीतून वाट काढत गेला, मेव्हण्याचा दंड धरून त्याला आत आणला आणि आपल्या शेजारी बसवला. मग त्याने वाचायला सुरुवात केली.